वायपर फिरवला, तण अर्धंच मेलं आणि गवतात पिवळ्या चकत्या पडल्या: एका कुरणाचं प्रकरण

कुरणात पाय ठेवल्या ठेवल्या जे दिसलं ते आधी सांगतो. हिरव्या गवतात ठिकठिकाणी जेवणाच्या ताटाएवढ्या पिवळ्याजर्द चकत्या, अगदी गोल, आणि प्रत्येक चकतीच्या बरोब्बर मधोमध वाळलेला शेणाचा पो. आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते थिसल नावाचं काटेरी तण बाजूलाच गुडघ्याच्या वर उभं. त्याचं एक ताट, म्हणजे उभी काडी, वाकवून बघितलं तर एका अंगाने तपकिरी, सुकलेलं, आणि दुसऱ्या अंगाने हिरवंगार, शेंड्याला नवी कळी पण धरलेली. म्हणजे जे मरायला हवं होतं ते अर्धंच मेलं आणि जे जगायला हवं होतं ते मेलं.

ज्या ताईंचं हे कुरण, त्या म्हणाल्या, "औषधच बोगस निघालं बघा." मलाही पहिल्या मिनिटाला तसंच वाटलं, पण मग ती चकत्यांची गोलाई डोक्यातून जाईना, कारण बोगस औषधाने गवत तरी कसं मेलं असतं? तिथून पुढे दोन हंगाम जे काही केलं ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण वायपरबद्दल, म्हणजे तणनाशक औषधाने ओला केलेला दांडा उंच तणावरून पुसत नेणाऱ्या अवजाराबद्दल, "लावा आणि विसरा" टाइपचं खूप ऐकायला मिळतं आणि चुका नेमक्या कुठे होतात ते कोणी सांगत नाही.

रान कसं होतं ते आधी

साधारण ४ हेक्टरचं कायमचं चराऊ कुरण, नांगर लागत नाही, वर्षानुवर्षं गवत आणि त्यात पांढरा क्लोव्हर, म्हणजे तीन-तीन पानांची बुटकी चाऱ्याची वनस्पती, चांगला पसरलेला. वरची बाजू कोरडी आणि तिथे थिसलचे पट्टे, खालची बाजू ओलसर, शेवटी ओढा, आणि ओढ्याकडच्या भागात रशचे ठोंब, म्हणजे ते लव्हाळ्यासारखं दिसणारं, गोल गुळगुळीत काड्यांचं. गेटजवळ, जिथे गुरं उभी राहून जमीन तुडवतात तिथे डॉक, हे आपल्या चुक्याच्या कुळातलं, पानं रुंद आणि मूळ गाजरासारखं खोल. कुंपणाच्या कडेला पिवळ्या फुलांच्या रॅगवर्टची दहाबारा झाडं.

ताई तीन वर्षं वरवर छाटणी करत होत्या. छाटणीने थिसल दिसायचं बंद होतं, मरत नाही, कारण त्याची मुळं जमिनीखालून आडवी पसरतात आणि जागोजागी नवीन कोंब काढतात, त्यामुळे एकदोनदा कापलं तर ते जोमाने परत येतं. मग सरसकट फवारायचं का असा विचार झाला. रुंद पानांच्या तणांसाठी एमसीपीए आणि टू-फोर-डी ही औषधं आहेत, गवताला मारत नाहीत, पण क्लोव्हरला मारतात, आणि ताईंना क्लोव्हर घालवायचा नव्हता कारण तो हवेतला नत्र जमिनीत आणतो, खतावरचा खर्च वाचतो आणि गुरं पण आवडीने खातात. शिवाय खाली ओढा. एमसीपीए मातीला फारसं चिकटून राहत नाही, पाण्यात पटकन विरघळतं आणि पाऊस आला की वाहून जातं, त्यामुळे पाण्याच्या कडेला ते फवारायचं म्हणजे जीवाला घोर.

म्हणून वायपर. कल्पना फार साधी आहे: गुरं गवत आणि क्लोव्हर खाऊन बुटकं करतात, तणाला तोंड लावत नाहीत, म्हणजे तण आपोआप वर निघतं, आणि मग औषधाने ओला केलेला दांडा गवताच्या वरून फिरवला की जे उंच आहे त्यालाच औषध पुसलं जातं. यात घातलेलं तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट, ते हिरवं दिसेल त्याला मारतं, त्याला गवत कळत नाही न् तण कळत नाही, निवड जी काही होते ती फक्त उंचीवर होते. ग्लायफोसेट बाजारात आलं १९७४ साली, आणि दोरीचा वायपर अमेरिकेत मिसिसिपीकडे त्याच दशकाच्या शेवटी निघाला, कापूस आणि सोयाबीनच्या वर डोकं काढणाऱ्या जॉन्सन गवतासाठी. तिथे पीक बुटकं आणि तण उंच, इथे गवत बुटकं आणि तण उंच, तत्त्व तेच.

पहिल्या वेळी नेमकं काय केलं

ट्रॅक्टरमागे लावायचा दोरीचा वायपर भाड्याने आणला होता. आडवा पाइप, त्यात औषध, आणि पाइपमधून बाहेर काढलेल्या नायलॉनच्या दोऱ्या ज्या आतलं औषध वातीसारखं ओढून घेतात. दिव्याची वात तेल ओढते ना, अगदी तसंच. ताईंनी सकाळी लवकर काम उरकायचं म्हणून उजाडताच ट्रॅक्टर काढला, दोऱ्या भरपूर ओल्या असाव्यात म्हणून झडप पूर्ण उघडली, गुरं दोन दिवस आधी बाहेर काढलेली, आणि एका दिशेने सरळ पट्टे मारत रान संपवलं. पाणी घेतलं गुरांच्या हौदातलं, कारण तेच जवळ होतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर यातली एकही गोष्ट मूर्खपणाची नाही, नवीन माणूस असंच करेल. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकली.

आम्ही रान पायी पालथं घातलं, हातात फूटपट्टी आणि वही, आणि तीनचार तासात चित्र स्पष्ट झालं. चकत्यांचं कोडं पहिलं सुटलं. गुरं आपल्या शेणाच्या पोच्या आजूबाजूचं गवत खात नाहीत, वासामुळे ते सोडून पुढे जातात, त्यामुळे तिथे गवताचे झुपके वाढतात. बाकीचं रान ७-८ सेंटीमीटर आणि पोभोवतीचे झुपके २०-२५ सेंटीमीटर. दांडा लावला होता साधारण २० वर, कारण ताईंनी उंची बघितली ती मोकळ्या गवताची. म्हणजे प्रत्येक झुपक्याचा शेंडा दांड्याखाली घासला गेला आणि ग्लायफोसेटने आपलं काम चोख केलं. शेंड्याला लागलं तरी औषध आत उतरतं, मुळापर्यंत जातं, म्हणून अख्खा झुपका पिवळा.

दुसरं, उतार. वरच्या भागात गाडी उताराला आडवी चालवली तिथे गवतात लांबच लांब पिवळ्या रेघा होत्या, आणि सगळ्या रेघा दांड्याच्या एकाच टोकाच्या. पाइप उताराकडे कलला की आतलं औषध खालच्या टोकाला जमा होतं, तिथल्या दोऱ्यांतून टपटप गळतं आणि वरच्या टोकाच्या दोऱ्या कोरड्या राहतात. त्यामुळे वरच्या टोकाखालचं थिसल नुसतं थोपटल्यासारखं झालं, काहीच लागलं नाही. झडप पूर्ण उघडी असल्यामुळे गळणं आणखी वाढलं.

तिसरं, दव. पहाटेचं दव पानावर असेल तर औषध पातळ होतं आणि थेंबाथेंबाने खाली गवतावर ओघळतं. चौथं, एकाच दिशेने एकच फेरी. ते अर्धं तपकिरी ताट आठवा, दांडा आला त्या अंगाला औषध लागलं, ताट वाकलं, दांडा वरून गेला, मागची बाजू कोरडीच. दाट पट्ट्यात तर पुढच्या ताटांनी मागच्यांना पूर्ण झाकलं होतं, तिथे आतली ताटं जशीच्या तशी उभी होती.

आणि पाचवं, जे मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. कुरणाच्या एका कडेने कच्चा रस्ता जातो, आणि रस्त्यालगतच्या पट्ट्यात थिसलला जवळपास काहीच झालं नव्हतं, अगदी उंच, सुटं, मस्त उघड्यावर उभं असलेल्या थिसललाही. एक पान तोडून अंगठ्याने पुसलं तर अंगठा मातकट झाला. धूळ! ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि तिथेच निकामी होतं, म्हणूनच तर ते जमिनीवर पडलं तर पुढे पेरलेल्या बियांना सहसा त्रास देत नाही. पण हाच गुण पानावरच्या धुळीत आणि गढूळ पाण्यात आपल्या विरुद्ध जातो. हौदातलं पाणी तळाशी गाळाचं होतं, शिवाय बोअरचं जड पाणी, आणि जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पण ग्लायफोसेटला बांधून टाकतं. म्हणजे औषध पाइपमध्येच अर्धं जायबंदी झालं असणार.

"म्हणजे औषध बरोबर होतं आणि मीच..." ताई बोलता बोलता थांबल्या. मी म्हटलं, ताई, तुम्हाला भाड्याच्या मशीनबरोबर कोणी एक कागदसुद्धा दिला नाही, यात तुमचं काय चुकलं. मला खरंच चीड येते या गोष्टीची, विषारी औषधाचं अवजार माणसाच्या हातात देताना निदान उंची, उतार आणि पाणी या तीन गोष्टी तरी सांगायला नकोत का.

दुसऱ्या हंगामाची तयारी

त्याच वर्षी परत फिरवायची घाई केली नाही. अर्धमेल्या तणाला लगेच पुन्हा औषध दिलं तर ते नीट आत जात नाही, झाड जोमात वाढत असायला हवं. ग्लायफोसेट पानातून साखरेबरोबर प्रवास करतं, आणि कळी धरायच्या सुमारापासून फुलायच्या सुरुवातीपर्यंत थिसल साखर खाली मुळात साठवायला लागतं, तेव्हा औषधही खाली जातं. कोवळं असताना सगळा ओघ वर असतो, शेंडा जळतो आणि मूळ तसंच राहतं. पाण्याच्या ताणावर असलेलं, मान टाकलेलं झाड पण उपयोगाचं नाही.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला पहिलं काम केलं ते साखळीचा हॅरो, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढायची साखळ्यांची जाळी, ओढून शेणाचे पो पसरवले, म्हणजे झुपके कमी होतील. मग तणाची उंची वाढायच्या सुमाराला गुरं जास्त संख्येने आणि थोडे दिवस आत सोडली, अशी की निवडायला वाव राहू नये आणि गवत सगळीकडे सारखं खाल्लं जावं. नंतर गुरं काढली आणि दहाबारा दिवस थांबलो. गवतही वाढतं या दिवसात, पण थिसलचं ताट त्याहून झपाट्याने वर येतं, फरक वाढत जातो. नियम असा की तण गवतापेक्षा निदान १० सेंटीमीटर उंच हवं. आम्ही तो फरक मोजला तो मोकळ्या गवतापासून नाही, सगळ्यात उंच उरलेल्या झुपक्यापासून, आणि दांडा त्या झुपक्याच्याही वर ठेवला. याचा अर्थ काही बुटकं थिसल सुटणार हे आम्ही आधीच मान्य केलं.

मग रंगीत पाण्याची चाचणी. हे मी प्रत्येकाला करायला सांगतो, अर्धा तास जातो फक्त. पाइपमध्ये औषध न घालता साधं पाणी आणि निळा मार्कर रंग घातला, वाटेत पांढरे कागद अंथरले, कोपऱ्यांवर दगड ठेवून, आणि त्यावरून ट्रॅक्टर नेला. पहिल्या फेरीत कागदांवर निळ्या ठिपक्यांचा नुसता सडा. झडप कमी केली, परत. ठिपके विरळ. आणखी कमी केली, आणि चौथ्या वेळी कागद कोरे आणि थिसलच्या ताटांवर निळा पट्टा. ताई त्या कोऱ्या कागदाकडे बघून एवढ्या खूश झाल्या की कागद घडी करून खिशात ठेवला. दोरी कशी असावी तर ग्लोव्हज घालून दोन बोटांनी दाबली की ओल बोटाला लागावी पण सोडल्यावर थेंब पडू नये.

दोऱ्या आधी धुऊन घेतल्या होत्या कारण गेल्या वर्षीची माती आणि बिया त्यात अडकून कडक झालेल्या, दोन तर बदलाव्याच लागल्या. पाणी स्वच्छ, साठवलेलं पावसाचं घेतलं. प्रमाण लेबलप्रमाणे: दर लिटरला ३६० ग्रॅम ग्लायफोसेट असलेल्या औषधासाठी दोरीच्या वायपरला बऱ्याचदा १ भाग औषध आणि २ भाग पाणी असं लिहिलेलं असतं, दोरीऐवजी फिरणारा रोलर असलेल्या वायपरला बरंच पातळ चालतं. हे वाचायला भयंकर दाट वाटतं, पण औषध लागतं ते फक्त तणाला, त्यामुळे सगळ्या रानावर फवारायच्या मानाने एकूण औषध खूप कमी जातं. तरी लेबलवर वायपरचा वापर लिहिलेला असेल तरच, आणि आपल्या भागात त्या औषधाला परवानगी असेल तरच. एवढ्या दाट द्रावणाला हात लावताना नायट्राइलचे ग्लोव्हज आणि चष्मा याला पर्याय नाही, कारण पाइप भरताना अंगावर उडतं ते हेच.

प्रत्यक्ष दिवस

दव पूर्ण सुकल्यावर सुरू केलं, पुढचा पूर्ण दिवस पावसाची शक्यता नव्हती. रस्त्याकडच्या पट्ट्यावर आदल्या आठवड्यात एक चांगली सर येऊन गेली होती म्हणून पानं स्वच्छ, नाहीतर तो पट्टा सोडूनच देणार होतो. उतारावर गाडी आडवी न चालवता खालीवर चालवली म्हणजे पाइप समपातळीत राहतो. वेग तासाला ५ किलोमीटरच्या आसपास, दाट पट्ट्यात त्याहून हळू. सुट्या तणात ८ पर्यंत चालतं पण दाटीत जोरात गेलं की दोऱ्या कोरड्या पडतात, कारण वातीला औषध ओढायला वेळच मिळत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक पट्टा दोनदा, दुसऱ्यांदा उलट दिशेने. वेळ दुप्पट लागला, डिझेल दुप्पट, पण त्या अर्ध्या तपकिरी ताटाचं उत्तर हेच होतं. गालिच्यासारख्या कापडाचा फिरणारा रोलर असतो त्यात रोलर गाडीच्या उलट फिरतो आणि तणाला खालून वर पुसतो, तिथे हा त्रास कमी, पण आमच्याकडे दोरीचाच होता.

ओढ्याकडे ट्रॅक्टर नेलाच नाही. काठापासून चांगला रुंद पट्टा सोडला आणि त्याच्या अलीकडचे रशचे ठोंब हातातल्या वायपरने पुसले, हॉकी स्टिकसारखा असतो तो, दांड्यात औषध आणि खाली स्पंज. रशची काडी गोल आणि मेणचट, औषध पटकन धरत नाही, म्हणून प्रत्येक ठोंब दोन बाजूंनी. कंटाळवाणं काम आहे, पाठ धरते, पण पाण्याजवळ मला हेच पटतं. रॅगवर्ट मात्र पुसलं नाही, ग्लोव्हज घालून मुळासकट उपटलं आणि कुरणाबाहेर नेलं. त्यातली विषारी द्रव्यं गुरांच्या आणि घोड्यांच्या लिव्हरला कायमची इजा करतात, आणि उभं हिरवं असताना जनावरं सहसा टाळतात पण सुकायला लागलं की खातात. म्हणजे औषध मारून रानात तसंच सुकायला सोडणं हे सगळ्यात धोक्याचं. कोणी पुसलंच तर ती झाडं पूर्ण नाहीशी होईपर्यंत गुरं आत सोडायची नाहीत.

बाकी रानात गुरं बाहेर ठेवायचे लेबलवरचे दिवस पाळले, वर थोडे जास्तच, कारण औषध मुळापर्यंत पोचायच्या आत गुरांनी ताट मोडलं तर केलेलं पाण्यात.

काय झालं, काय नाही

आठवड्याने बघितलं तर फारसं काही नाही, ताईंचा फोन आला की परत तेच झालं का. ग्लायफोसेट सावकाश मारतं, धीर लागतो. तिसऱ्या आठवड्यात थिसल शेंड्यापासून पिवळं, मग तपकिरी, आणि या वेळी दोन्ही अंगांनी. चकत्या दोनतीनच सापडल्या, त्याही जिथे हॅरो नीट पोचला नव्हता तिथे. क्लोव्हर मेलेल्या थिसलच्या बुंध्याशी पण हिरवा होता, तो बघून मला जे समाधान वाटलं ते शब्दात सांगता येत नाही.

डॉकच्या बाबतीत मात्र वायपर फसला, हे स्पष्ट सांगतो. गेटजवळ गुरं उभी राहतात, डॉकची पानं तुडवलेली, जमिनीलगत चक्रासारखी पसरलेली, दांडा वरून गेला आणि त्यांना कळलंही नाही. फुलोऱ्याचा दांडा आला त्या दोनचार झाडांनाच लागलं. उरलेली हातवायपरने पानंपान पुसली आणि काही सरळ खणून काढली, मुळाचा वरचा भाग राहू न देता, कारण डॉक फुटतो तो तिथूनच.

रश काड्या तपकिरी पडल्यावर, साधारण महिन्याने, कापून बाहेर काढल्या, नाहीतर मेलेल्या ठोंबाखाली गवताला ऊनच मिळत नाही. मोकळ्या जागांवर गवताचं बी टाकलं. तरीही पुढच्या वर्षी ओलसर भागात रशची बारीक रोपं उगवली, कारण त्याचं बी मातीत कित्येक वर्षं पडून राहतं आणि उजेड मिळाला की उठतं. मुळात तिथे पाणी का साचतं हे बघितल्यावर कळलं की जुनी चारी गाळाने बुजली होती आणि गुरांच्या पायांनी जमीन दाबली गेली होती. चारी उकरली. ते काम वायपरच्या आधी व्हायला हवं होतं असं आता वाटतं.

थिसल पुढच्या वर्षी परत आलं, पण विरळ आणि बारीक ताटांचं. आडव्या मुळांमुळे एका फेरीत ते संपत नाही, सलग दोनतीन वर्षं पुसावं लागतं. या वर्षी ट्रॅक्टरचा वायपर फक्त वरच्या बाजूला चालला, खाली ताई स्वतः हातवायपर घेऊन फिरल्या, आणि दोऱ्या वापर संपल्यावर लगेच धुऊन, सुकवून ठेवल्यात.